दुसऱ्यांच्या कपाटातला सॅम कुक

डेल कुक नावाच्या गायकाची उभ्या आयुष्यात एकच सिंगल निघाली. १९५६ च्या अखेरीस न्यू ऑर्लीन्समध्ये ध्वनिमुद्रित झालेलं ते गाणं म्हणजे ‘लवेबल’, आणि डेल कुक म्हणजे अर्थातच सॅम कुक. सॅम तेव्हा ‘सोल स्टिरर्स’ या गॉस्पेल संचाचा मुख्य गायक होता. देवाचं गाणाऱ्यानं पोरीबाळींवरची गाणी म्हटली तर चर्चमधली गिऱ्हाइकं तुटतील, ही सगळ्यांना धास्ती. म्हणून लेबलवर नाव बदललं. चाल मात्र सोल स्टिरर्सच्याच ‘वंडरफुल’ या भक्तिगीताची उचलली. म्हणजे अभंगाच्या चालीवर लावणी. एवढा सगळा बंदोबस्त करताना आवाज लपवायचं तेवढं राहून गेलं. चर्चवाल्यांनी लगेच ओळखलं.

पुढची अधिकृत गोष्ट वाचकांना ठाऊक आहे असं धरून चालतो. ‘यू सेंड मी’चा धडाका, आरसीएसारखी बडी कंपनी, ‘अ चेंज इज गॉना कम’ आणि डिसेंबर १९६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोटेलमध्ये झालेला तो वाईट शेवट. आम्हा रेकॉर्डी गोळा करणाऱ्यांना गायकाच्या चरित्रात रस असतोच. पण त्याहून जास्त रस असतो टेपांच्या चरित्रात. कुठली टेप कोणाच्या कपाटात पडून होती, कोणी कोणावर सूड म्हणून बाहेर काढली, कुठलं गाणं कुठल्या वकिलानं अडवलं. सॅमच्या बाबतीत हे दुसरं चरित्र पहिल्यापेक्षा जास्त भानगडीचं आहे.

भानगडींची सुरुवात झाली स्पेशाल्टी या कंपनीत. मालक आर्ट रूप हिशेबाचा पक्का आणि गॉस्पेलचा शौकीन. १९५७ च्या उन्हाळ्यात तो लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत शिरला, तर सॅमच्या मागे गोऱ्या गायकांचा कोरस ‘ऊ-आ’ करत उभा. रूपचा पारा चढला. निर्माता बम्प्स ब्लॅकवेलशी तिथल्या तिथे जुंपली. शेवटी तोड निघाली ती अशी: ब्लॅकवेलनं आपल्या येणे रॉयल्टीवर पाणी सोडायचं आणि बदल्यात सॅमला आणि त्या टेपांना घेऊन चालू लागायचं. रूपला वाटलं, स्वस्तात ब्याद गेली. त्या टेपांमध्ये ‘यू सेंड मी’ होतं.

कीन नावाच्या नव्या कोऱ्या कंपनीनं ते काढलं. पण त्यांनाही आपल्या हाती काय लागलंय याचा पत्ता नव्हता. मुख्य बाजूला ‘समरटाइम’ आणि मागच्या बाजूला ‘यू सेंड मी’, अशी मांडणी. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटवली आणि गाणं थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. लेबलवर गीतकार म्हणून नाव सॅमच्या भावाचं, एल. सी. चं. कारण सॅमनं लिहिलेल्या गाण्यावर रूपची प्रकाशनसंस्था हक्क सांगू शकली असती. म्हणजे एवढं गाजलेलं गाणं, आणि लिहिणाऱ्याला स्वतःचं नाव घालायची चोरी!

रूप हात चोळत बसला असेल असं कोणाला वाटलं, तर त्यांना रूप कळलेलाच नाही. न्यू ऑर्लीन्सच्या त्या जुन्या सत्राच्या टेपा त्याच्या कपाटात होत्याच. त्यानं त्यातलं ‘आय’ल कम रनिंग बॅक टू यू’ बाहेर काढलं, त्यावर ‘यू सेंड मी’च्या धर्तीचा साज नंतर चढवला आणि बाजारात सोडलं. तेही आर अँड बी यादीत पहिलं आलं. ज्या पद्धतीच्या कोरसवरून माणूस हाकलला, त्याच पद्धतीचा कोरस लावून त्याच माणसाचं गाणं विकलं.

हा धडा कीननं मन लावून गिरवला. १९६० मध्ये सॅम आरसीएकडे गेला. तिथे ह्यूगो आणि लुइजी या निर्मात्या चुलतभावांनी त्याला गोडगोड व्हायोलिनांच्या पाकात मुरवायला घेतलं. पहिली सिंगल ‘टीनेज सोनाटा’ फारशी चालेना. तेवढ्यात कीननं आपलं कपाट उघडून आदल्या वर्षीची एक साधीशी टेप काढली: ‘वंडरफुल वर्ल्ड’. ना व्हायोलिनं, ना थाट. तिनं आरसीएच्या ताज्या मालाला खुशाल मागे टाकलं. त्या गाण्याच्या लेबलवर लेखिका म्हणून ‘बार्बरा कॅम्पबेल’ हे नाव आहे. बार्बरा ही सॅमची पत्नी. तिच्या माहेरच्या नावामागे सॅम, लू ॲडलर आणि हर्ब अल्पर्ट असे तिघे दडले होते. पुढे १९८६ मध्ये जीन्सच्या जाहिरातीच्या जोरावर हेच गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. कीनच्या काळातली ही सगळी गाणी एका पेटीत अधिकृतपणे मिळायला मात्र २०२० उजाडावं लागलं.

आता मायामीकडे वळू, कारण संग्राहकांची खरी भांडणं तिथे आहेत. १२ जानेवारी १९६३ ला ओव्हरटाउन या कृष्णवर्णीय वस्तीतल्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये आरसीएनं सॅमचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला. सॅक्सोफोनवर किंग कर्टिस. अल्बमचं नावही ठरलं होतं, ‘वन नाइट स्टँड’. टेप ऐकल्यावर कंपनीच्या साहेबांना घाम फुटला. घराघरात शिरलेला, सूटबूटातला सॅम इथे घसा फाडून ओरडत होता आणि लोक अंगावर येत होते. टेप कपाटात गेली. दीड वर्षानं न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबात, पांढऱ्या टेबलक्लॉथसमोर सॅम शहाण्यासारखा गायला. ती रेकॉर्ड मात्र झटपट निघाली. टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याच्या नावाचा अवाढव्य फलक लागला, तो कोपासाठी. मायामीची टेप बाहेर आली १९८५ मध्ये, सॅमला जाऊन वीस वर्षं झाल्यावर. आज दोन्ही तबकड्या शेजारी ठेवल्या, तर कोपावाली उचलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

भांडण इथून पुढे. त्या एका रात्रीची मिक्स तीन आहेत: १९८५ चं, २००० सालच्या ‘द मॅन हू इन्व्हेंटेड सोल’ या पेटीतलं आणि २००५ चं. दादरच्या एका फ्लॅटमध्ये आमच्या कंपूनं यावर एक बैठक भरवली होती. खिडक्या बंद, पंखा बंद (मे महिना), तबकड्या बदलणारा पडद्याआड, आणि बाकीच्यांनी कागदावर फक्त आकडा लिहायचा. पहिल्या फेरीत एका मिक्सला घसघशीत मतं पडली. ‘जिवंत’, ‘दमदार’, ‘काय खोली आहे’ वगैरे शेरे झाले. मग एका इंजिनियर गृहस्थानं मोबाइलवरच्या मीटरनं आवाज मोजला. जिंकलेली तबकडी नुसतीच मोठ्यानं वाजत होती. तिन्हींची पातळी सारखी करून पुन्हा ऐकवल्यावर मतांची पार उलथापालथ झाली. खोली वगैरे काही नव्हती, आवाजाचं बटण थोडं पुढे होतं एवढंच. या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं गुपित, आणि रीमास्टर विकणाऱ्यांना ते आपल्याहून बरंच आधी ठाऊक आहे.

खरा फरक कुठे कळतो ते सांगतो. ‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’ या गाण्यात सॅम स्वतः थोडा मागे सरकतो आणि ओळ क्लबला गायला देतो. १९८५ च्या मिक्समध्ये क्लब गातो: कोणी बेसूर, कोणी अर्धा मात्रा उशिरा, एखादी बाई सगळ्यांच्या वर. सॅम त्यांच्यात मिसळतो, मग त्यांना ओलांडून पुढे जातो. २००० च्या पेटीत या लोकांना मागे सारलंय. सॅमचा आवाज स्वच्छ, बँड नेटका. पण तो ओळ देतो तेव्हा ती घेणारं माणूस हॉलच्या दारापाशी उभं असावं असं वाटतं. युगलगीतातला अर्धा गायक कापला तर उरेल तेवढंच उरतं. माझं मत १९८५ ला. बैठकीत हे बोललो तर इंजिनियर गृहस्थ म्हणाले, ‘‘तुम्हाला गोंगाट आवडतो.’’ आवडतो, असं कबूल करून मी चहा मागवला.

मायामीतल्या त्या आरडाओरड्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, फेब्रुवारीत, हाच सॅम हॉलीवुडच्या स्टुडिओत ‘नाइट बीट’ गायला. मोजके वादक, जवळजवळ कुजबुजीतलं गाणं. ऑर्गनवर सोळा वर्षांचा बिली प्रेस्टन. उंची सिस्टिमवाले पाहुण्यांना ही रेकॉर्ड ऐकवतात. सॅमपेक्षा स्पीकरचं कौतुक व्हावं असा त्यात छुपा हेतू असतो.

आणि आता करारांची भानगड. ॲलन क्लाइन मुळात हिशेबनीस. रेकॉर्ड कंपन्यांच्या वह्या तपासून दडवलेले पैसे हुडकण्यात वाकबगार. १९६३ मध्ये त्यानं आरसीएशी नवा करार घडवला. यापुढची ध्वनिमुद्रणं ट्रेसी लिमिटेड या कंपनीच्या मालकीची, आरसीएकडे फक्त वितरण. कंपनीला नाव सॅमच्या मुलीचं. कंपनी क्लाइनची.

याच कराराखाली ३० जानेवारी १९६४ ला ‘अ चेंज इज गॉना कम’ झालं. रेने हॉलनं एवढा भव्य वाद्यवृंद मांडला होता की नेहमीचा ड्रमर जॉन बूद्रो बिचकला आणि कंट्रोल रूममधून बाहेर यायलाच तयार होईना. शेजारच्या स्टुडिओत अर्ल पामर दुसऱ्याच कामावर होता, त्याला ओढून आणलं. आज ज्या गाण्याला नागरी हक्क चळवळीचं स्तोत्र मानतात, त्याचा ड्रमर शेजारून उसना आणलेला आहे.

आठच दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, क्लाइनच्या आग्रहावरून सॅमनं ते ‘टुनाइट शो’मध्ये गायलं. दोनच दिवसांनी बीटल्स एड सलिव्हनच्या कार्यक्रमात आले आणि अमेरिकेला दुसरं काही आठवेना. वाहिनीनं ती टेप जपलीही नाही. गाणं सिंगल म्हणून निघालं ते सॅमच्या मृत्यूनंतर अकरा दिवसांनी, ‘शेक’च्या मागच्या बाजूला. त्यातून एक कडवं गायब: गावात हिंडताना हटकलं जाण्याबद्दलचं, म्हणजे नेमकं ज्यासाठी गाणं लिहिलं तेच. म्हणून जुना संग्रह विकत घेताना आम्ही आधी त्या गाण्याचा कालावधी पाहतो. तीन मिनिटांच्या आत असेल तर तबकडी गपचूप परत रॅकवर.

पुढची गंमत मालकीहक्काची. १९८६ च्या ‘द मॅन अँड हिज म्युझिक’ या संग्रहात हे गाणं होतं. पण तो बाजारातून गेला तो गेलाच. १९९२ मध्ये स्पाइक लीनं ‘माल्कम एक्स’मध्ये माल्कमच्या अखेरच्या प्रवासावर हे गाणं वापरलं. प्रेक्षक डोळे पुसत दुकानात गेले, तर साउंडट्रॅकच्या सीडीत गाणं नाही. २००० मध्ये आरसीएनं चार सीडींची ती पेटी काढली, सॅमच्या नावावर सोल संगीताचा शोध लावून टाकला, आणि त्याचं सगळ्यात थोर गाणं तिच्यातही नाही. ते क्लाइनच्या ॲबको कंपनीच्या कपाटात होतं. अखेर २००३ मध्ये ॲबकोनं ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेजंड’ काढलं. स्पेशाल्टी, कीन, आरसीए अशा तिन्ही घरांतला सॅम एका तबकडीवर, आणि ‘चेंज’ कडव्यासकट.

आमच्यातल्या एका सद्गृहस्थांनी मधल्या दुष्काळात १९८६ ची ती सीडी परदेशातून मागवली होती, जवळजवळ पगाराच्या भावात. २००३ चं पॅकेट आलं तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. त्यांनी नवी तबकडी शांतपणे शेवटपर्यंत ऐकली, चष्मा पुसला आणि जाहीर केलं की जुन्या सीडीला जो टोन आहे तो हिला नाही. तेव्हापासून ते ती कोणाला हातही लावू देत नाहीत. मागच्या खेपेला बैठकीत मीटर काढून दोन्ही पडताळून पाहू म्हटलं, तर म्हणाले, सीडी पुतण्याकडे आहे.