साहसी पर्यटनाचे नियमन : खोल समुद्र व अवकाश

खोल समुद्रात अथवा अवकाशात शुल्क घेऊन प्रवाशांना नेण्याच्या व्यवसायावरील शासकीय नियंत्रण. खुला समुद्र व बाह्य अवकाश यांवर कोणत्याही राष्ट्राचे सार्वभौमत्व नसल्याने अशा सफरींवर देखरेख कोणी ठेवावी, हा या नियमनातील मूलभूत प्रश्न होय.

अवकाशाच्या बाबतीत १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने त्याचे उत्तर दिले आहे. खाजगी संस्थांच्या अवकाशातील कार्यास परवानगी देणे व त्यावर सतत देखरेख ठेवणे हे त्या त्या राष्ट्राचे कर्तव्य ठरते. अमेरिकन उद्योगपती डेनिस टिटो हे २००१ मध्ये रशियाच्या सोयूझ यानातून स्वखर्चाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले व अवकाश-पर्यटनास प्रारंभ झाला. अमेरिकेच्या २००४ च्या अधिनियमान्वये उड्डाणाचा परवाना देताना जमिनीवरील लोक व मालमत्ता यांची सुरक्षितता पाहिली जाते. यान सुरक्षित असल्याचे शासनाने प्रमाणित केलेले नाही, हे प्रवाशास लेखी कळवून त्याची संमती घ्यावी लागते. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्यास मात्र, मृत्यू, गंभीर दुखापत अशा घटनांचा अपवाद वगळता, मनाई आहे. नवा उद्योग नियमांच्या भाराखाली दबू नये, हा तिचा हेतू असून तिची मुदत वेळोवेळी वाढवून १ जानेवारी २०२८ पर्यंत नेण्यात आली आहे.

खुल्या समुद्रातील जहाजावर, ते ज्या राष्ट्राचा ध्वज लावते त्या राष्ट्राचा अधिकार चालतो. परंतु नोंदणीच न झालेले पाणबुडे यान या व्यवस्थेतून निसटू शकते. ‘टायटन’ या यानाची कोठेही नोंदणी नव्हती; तसेच जहाजांची रचना व बळकटी तपासणाऱ्या वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्रही त्यास नव्हते. सु. ३,८०० मी. खोलीवरील ‘टायटॅनिक’ जहाजाचे अवशेष पाहण्यासाठी १८ जून २०२३ रोजी उतरत असता पाण्याच्या प्रचंड दाबाने ते चिरडले जाऊन त्यातील पाचही जण मृत्युमुखी पडले. सदोष रचना व अपुरी देखभाल यांमुळे घडलेली ही दुर्घटना टाळता आली असती, असा निष्कर्ष अमेरिकन तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाने २०२५ मध्ये काढला.

धोका पत्करण्याचे स्वातंत्र्य मान्य केले, तरी यानाची स्वतंत्र तपासणी झालेली नसल्यास प्रवाशाची संमती अपुऱ्या माहितीवर आधारलेली राहते. शिवाय शोधकार्याचा भार सार्वजनिक यंत्रणांवरच पडतो. टायटनच्या शोधासाठी अमेरिका, कॅनडा व फ्रान्स यांची जहाजे वा विमाने धावली होती. म्हणून संमतीपत्र हे तपासणीला पूरक असावे, पर्याय नव्हे.