बंदर नसलेला दिवस

लांबच्या क्रूझच्या वेळापत्रकात एखाद्या तारखेपुढे बंदराचे नाव नसते. नुसते ‘समुद्रात’ असे छापलेले असते. त्या दिवशी बोट कुठेही न थांबता चालत राहते आणि प्रवाशांना पाय टेकायला जमीन नसते. पैसे मोजून स्थळे पाहायला निघालेल्यांना हा दिवस फुकट गेल्यासारखा वाटतो. वास्तविक क्रूझ ही बसच्या सहलीहून वेगळी ठरते ती या दिवसामुळेच.

कोल्हापूरकरांना असा दिवस आता फार दूर राहिलेला नाही. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी मुंबई गाठायची आणि बॅलार्ड पिअरला बोटीत चढायचे. 1990 मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने पाण्यात उतरलेली ‘एम्प्रेस’ ही कॉर्डेलिया कंपनीची बोट 2021 पासून मुंबईहून फेऱ्या करू लागली. मुंबई ते लक्षद्वीप हे अंतर सुमारे 500 सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर आणि तासाला एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात. 16 नॉटने गेले तरी तिथे पोहोचायला तीसेक तास लागतात. संध्याकाळी निघालेल्या बोटीचा दुसरा अख्खा दिवस त्यामुळे पाण्यातच जातो.

करवीरच्या छत्रपतींनी असे दिवस ओळीने काढले. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जात होते, त्या काळात राजाराम महाराज 1870 मध्ये विसाव्या वर्षी इंग्लंडला गेले. या प्रवासाची त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी संपादित करून 1872 मध्ये प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्स येथे महाराजांचे निधन झाले आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. पुढे 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले. त्याच समारंभाला निघालेल्या जयपूरच्या माधोसिंहांनी बोटीवर चांदीचे प्रचंड घडे भरून गंगाजल नेले होते. त्यातला एकेक घडा 345 किलोचा. तेव्हाच्या प्रवाशांपुढचा पहिला प्रश्न दिवस कसा घालवायचा हा नव्हताच. खायचे-प्यायचे काय आणि कोणाच्या हातचे, हा होता. आजच्या बोटीवर समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे असतात आणि जैन जेवणही मिळते. तांबड्या रश्श्याची सवय असलेल्यांनी मात्र घरच्या चटणीची बाटली विसरू नये.

सकाळी लवकर उठण्याला या दिवशी खरा अर्थ असतो. गणपतीपुळ्याला किंवा मालवणला सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, पण उगवतो तो डोंगरामागून. बोटीवर दोन्ही वेळा तो पाण्यावरच भेटतो. दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटीत तोंड पुढे करून उभे राहिले, की सूर्योदय डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला. सावलीचे गणित याच्या उलट असते: सकाळी उजव्या बाजूच्या खुर्च्या धरायच्या, दुपारनंतर डाव्या. डेकवरचे जुने प्रवासी हे कोणाला सांगत बसत नाहीत.

पाण्यापासून 30 मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज सुमारे 20 किलोमीटरवर असते, म्हणजे साधारण कोल्हापूर ते पन्हाळा. 16 नॉटने चालणारी बोट ते अंतर चाळीस मिनिटांत कापते आणि तरी दृश्यात काडीचा फरक पडत नाही. पहिल्या तासाला याचा कंटाळा येतो. नंतर नजर सरावते आणि बारकावे दिसू लागतात. किनाऱ्याजवळचे गढूळ हिरवट पाणी खोल समुद्रात गडद निळे होते, कारण तिथे गाळ नसतो आणि सूक्ष्म वनस्पतीही कमी असतात. बोटीच्या पुढच्या टोकापाशी वाकून पाहणाऱ्याला उडते मासे दिसण्याची शक्यता असते. बोटीच्या धास्तीने ते पाण्याबाहेर झेपावतात आणि पंखांसारखे पर ताठ पसरून पन्नासेक मीटर तरंगत जातात. वेग कमी झाला, की शेपटीचे खालचे टोक तेवढे पाण्यात बुडवून फडफडवतात आणि पुन्हा हवेत उठतात. ती शेपटी पाण्यावर नागमोडी रेघ ओढत जाते.

बोट लागणे हा या दिवसाचा मोठा वैरी. कानाच्या आतले तोलाचे इंद्रिय हालचाल कळवते आणि केबिनच्या स्थिर भिंती पाहणारे डोळे ती नाकारतात. मेंदूचा गोंधळ होऊन मळमळ सुरू होते. म्हणून अशा वेळी पलंगावर पडून मोबाइल पाहणे सर्वांत वाईट. मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे. केबिन निवडतानाच बोटीच्या मध्यभागाची आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. तिथे झोका कमी बसतो. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात. ते बोटीचे डावे-उजवे डोलणे बरेच आवरतात, पण पुढे-मागे होणाऱ्या झोक्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. ऑक्टोबरपासून मेपर्यंत अरबी समुद्र बहुधा शांत असतो. पावसाळ्यात त्याच्या वाटेला न जाणेच बरे.

दुपारपर्यंत बोटीवर कार्यक्रमांची रेलचेल झालेली असते. पोहण्याचा तलाव, हाउसी, नाचाचे वर्ग, जादूचे प्रयोग. दुकाने आणि कॅसिनो बंदरात बंद असतात आणि समुद्रात उघडतात, त्यामुळे कंपनीच्या दृष्टीने हा कमाईचा दिवस. कार्यक्रमपत्रिकेतले सगळे गाठायला गेलेला माणूस संध्याकाळी लग्नघरातल्या यजमानासारखा दमतो. दोन गोष्टी निवडाव्यात आणि बाकीच्या सोडून द्याव्यात. बुफेलाही हाच नियम. किनारा सुटला, की थोड्या वेळात मोबाइलची रेंज जाते आणि उरते ते उपग्रहावरचे महागडे वाय-फाय. फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकावा, नाही तर बोटीवरच्या नेटवर्कचे भरमसाट बिल मागाहून येते.

पश्चिमेकडे जाणाऱ्या लांब सफरीत दिवसच मोठा होतो. मुंबई ते एडन हे अंतर सुमारे 1650 सागरी मैल आणि घड्याळांत फरक अडीच तासांचा. तो फरक वाटेत अर्ध्या-एक तासाने काटे मागे सरकवून मिटवतात. त्या रात्री झोप जास्त मिळते. पूर्वेकडे येताना तितकीच ती परत द्यावी लागते.

रात्री दिव्यांपासून दूरचा, शक्यतो वरचा डेक गाठावा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो, तितके ते ठिकाण विषुववृत्तापासून उत्तरेला असते. कोल्हापुरात तो साधारण 17 अंशांवर, मुंबईत 19 अंशांवर, तर लक्षद्वीपजवळ 11 अंशांपर्यंत उतरतो. जीपीएस नव्हते तेव्हा खलाशी याच हिशेबाने बोट हाकत. हिवाळ्यात दक्षिणेला अगस्तीही नेहमीपेक्षा वर चढलेला दिसतो.

सफरीतला शेवटचा दिवस समुद्रातला असेल, तर संध्याकाळ आवराआवरीत जाते. बोटीवर रोख चालत नाही. सगळा खर्च केबिनच्या कार्डावर चढतो, तो आदल्या रात्रीच तपासून मिटवावा, कारण सकाळी काउंटरवर रांग लागते. मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात. ओळखपत्र, औषधे आणि सकाळचे कपडे तेवढे जवळच्या पिशवीत राहू द्यावेत. सगळेच बांधून बाहेर ठेवणाऱ्यावर रात्रीच्या कपड्यांत मुंबईत उतरायची वेळ येते.