आयर्विनला किती?

२००५ च्या ऑगस्टात लातूरहून रात्रभर एसटीत बसून मी पहाटे सांगलीत उतरलो. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला होता. पूर नुकताच ओसरला होता. दुकानांची शटरं अर्धी उघडी, कठड्यांवर वाळत टाकलेल्या गाद्या आणि सगळीकडे ओल्या गाळाचा वास. चहाच्या गाड्यावर दोन माणसं बोलत होती.

"आयर्विनला किती?"

"उतरलंय. चाळिसाच्या आत आलंय."

आयर्विन कोण आणि चाळीस कशाचे, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. खिशात फीची पावती होती आणि दिवस मावळायच्या आत विश्रामबागेत कॉट बेसिसवर खोली शोधायची होती.

पुढची चार वर्षं मी सांगलीत होतो, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. आज मागे पाहताना ते खरं वाटत नाही. मी विश्रामबागेत होतो आणि विश्रामबागेतही दीड-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात. कॉलेज, मेस, झेरॉक्सचं दुकान, शंभर फुटी रोडवरची चहाची टपरी आणि रविवारी फीस्ट असली की संध्याकाळ उपाशी काढायची खोली. सांगली आणि मिरज यांच्या मधला हा भाग शंभर वर्षं विद्यार्थ्यांच्या ये-जा करण्यावर वाढला आहे. विलिंग्डन कॉलेज इथे १९१९ मध्ये सुरू झालं, आमचं कॉलेज १९४७ मध्ये. बंगल्यांवर चढलेला जादा मजला, बाहेरून काढलेला लोखंडी जिना, गच्चीवर ओळीनं वाळणारे टॉवेल, ही या वस्तीची खूण. घरमालकीण ती काकू, मेसवाली तीही काकू, दुकानदार तो मामा. नात्यांची नावं आम्ही पहिल्याच आठवड्यात वाटून टाकली होती. नाती मात्र भाड्याच्या तारखेपुरती.

त्या पट्ट्याचं स्वतःचं एक पंचांग होतं. त्यात सबमिशन, ओरल, पेपर, निकाल आणि केटी एवढेच सण. पंचांगाची बारा पानं आम्हाला पाठ होती असं वाटायचं. प्रत्यक्षात त्यातलं एक पान आम्ही कधी उघडलंच नव्हतं. ते मे महिन्याचं. शेवटचा पेपर झाला की त्याच रात्री कुणी महालक्ष्मी एक्स्प्रेसला, कुणी स्टँडवर. चार वर्षांत एकदाही मी सांगलीचा अख्खा मे पाहिला नव्हता.

तो पाहायला मिळाला २००९ मध्ये, आणि तोही मनाविरुद्ध. मंदीचं वर्ष होतं. आदल्या वर्षी कॅम्पसमध्ये निवड झालेल्या आमच्यातल्या पुष्कळांची जॉइनिंग पुढे ढकलली जात होती. माझ्या हातातही एक पत्र होतं. कंपनीनं आधी ऑगस्ट सांगितला, मग जानेवारी, मग मेलला उत्तर येणंच थांबलं. घरी वडिलांनी पोराला नोकरी लागल्याचे पेढे वाटले होते. लातूरला परत जाऊन त्या पेढ्यांचं काय सांगायचं, म्हणून मी खोली सोडली नाही. खोलीतली बाकीची तिघं गेली. त्यांच्या कॉटवरच्या गाद्या गुंडाळून भिंतीला लावल्या तेव्हा खोलीत आवाज घुमू लागला.

दुसऱ्या आठवड्यात रस्ता ओळखू येईना. टपरी बंद, झेरॉक्सवाले मामा गावी शेताला. मेसच्या काकूंनी साठ डब्यांची भांडी अंगणात काढून घासायला घेतली होती. मला पाहून म्हणाल्या, "तू राह्यलास व्हय? मग जेव की आमच्यातच." चार वर्षं मी त्यांच्या हातचं जेवलो होतो, पण त्यांच्या घरात बसून जेवलो त्या दिवशी पहिल्यांदा. वर्षभर आमच्या वेळापत्रकामागे धावणाऱ्या त्या बाईला माहेरी जायला, भावाच्या पोरांची लग्नं गाठायला एवढा एकच महिना मिळायचा. आम्ही ज्याला रिकामं गाव समजत होतो, ते त्यांचं भरलेलं गाव होतं.

जुलैत कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या मशीनशॉपमध्ये लागलो. पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं मशीनिंग. पगार साडेसहा हजार. पुण्याला आणि बेंगळुरूला गेलेले मित्र त्याच्या तिप्पट-चौपट घेत होते आणि शनिवारी फोन करून मायेनंच विचारायचे, "अजून तिथंच?" या प्रश्नानं तीन वर्षं माझी झोप नेली. कॉलेजच्या गावात मागे राहिलेल्या माणसाला हा प्रश्न रोज नव्यानं भेटतो. दर जूनमध्ये त्याच रस्त्यावर अठरा वर्षांची नवी पोरं येतात आणि तो मात्र एका वर्षानं मोठा झालेला असतो. पहिल्या वर्षी टपरीवरच्या पोरांनी मला 'अरे' म्हटलं, तिसऱ्या वर्षी 'दादा', सहाव्या वर्षी 'सर'. 'काका' झालो तो दिवसही लक्षात आहे.

शॉपमध्ये एक वयस्क लेथ ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. कास्टिंग हाती आलं की ते त्यावर छोटी हातोडी मारून ऐकायचे. खणखणीत वाजलं तर जॉब घ्यायचा, बद्द वाजलं तर आत कुठे तरी चीर आहे, बाजूला ठेवायचा. मटेरियल सायन्सचा पेपर मी चांगल्या गुणांनी काढला होता, पण ही चीर ऐकायला शिकायला मला दोन वर्षं लागली.

२०१० च्या मे महिन्यात एका रविवारी मामा मला हरिपूरला घेऊन गेले. कृष्णा आणि वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. पण मामांना दाखवायची होती ती पेवं. सांगलीची हळद देशभर जाते, हे मी ऐकून होतो. ती ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता. इथल्या घट्ट मातीत खोल खड्डे खणून, तोंड अरुंद ठेवून, त्यात शिजवून वाळवलेली हळद भरायची आणि वरून बंद करायचं. वर्षानुवर्षं तिला कीड लागत नाही. पेव उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी बाहेर पडू देतात. मामांचे वडील पेवांवर हमाली करत. एका जागी जमीन खचलेली होती, तिच्यात झुडपं उगवली होती. मामा म्हणाले, "ही पाचच्या पुरात गेली. पाणी शिरलं, माल कुजला, पेवं ढासळली. परत कोण खणतंय?"

पाचचा पूर. म्हणजे मी आलो तेव्हाचा. गाळाच्या वासातून नाक दाबून मी खोली शोधत होतो, त्याच आठवड्यात सहा-सात किलोमीटरवर पिढ्यांचं एक कोठार जमिनीत बसत होतं. आणि पुराची माझी आठवण एवढीच होती, की वर्ग उशिरा सुरू झाले.

त्या दिवसापासून मी सांगलीचं दुसरं पंचांग वाचू लागलो. त्यात फेब्रुवारीपासून मार्केट यार्डात नवी हळद येते, पाठोपाठ तासगावकडून बेदाणा. भाद्रपदात गणेश चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, गणपती मंदिरात गाजावाजा न करता चोर गणपती बसतो. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' याच गावात केलं. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला गाणं होतं आणि दर्ग्याजवळच्या गल्लीत सतारीचे भोपळे वाळत असतात. यातलं काहीच लपवलेलं नव्हतं. चारही वर्षं ते बसच्या एका तिकिटाच्या अंतरावर चालू होतं.

मला याची जास्त खंत वाटायचं कारण माझ्या घरात होतं. लातूरला आमच्या माडीवर शिकवणीची पोरं भाड्यानं राहायची. लातूर पॅटर्नच्या नावानं कुठून कुठून आलेली. आई त्यांना आजारपणात खिचडी करून द्यायची, दोन वर्षांनी ती जायची, पुन्हा कुणाचं पत्र नाही. त्यांना आमचं सिद्धेश्वराचं देऊळ माहीत नव्हतं, गंजगोलाईच्या गल्ल्या माहीत नव्हत्या. लहानपणी मला त्यांचा राग यायचा. अठराव्या वर्षी मी घरातून निघालो आणि नेमका त्यांच्यातलाच एक झालो.

मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरची धरणं कोरडी पडली. आई फोनवर पाणी कसं पुरवते ते सांगायची आणि मी ऐकण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो. एप्रिलमध्ये ठरलं की मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यायचं. ११ तारखेला पहिली गाडी सुटली. दहा टँकर वॅगन, पाच लाख लिटरच्या आसपास पाणी, ३४२ किलोमीटरचा रस्ता. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही वाट म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे. ती अरुंद रुळांची होती. रुंदीकरण होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि ते झालं नसतं तर ही गाडी जाऊच शकली नसती. आम्ही शॉपमधले सगळे सुट्टी झाल्यावर मिरज स्टेशनच्या यार्डाकडे गेलो. कृष्णेचं पाणी वॅगनमध्ये पडत असल्याचा आवाज येत होता. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत.

काही दिवसांनी आईचा फोन आला. टँकर गल्लीत येऊन गेला होता. ती म्हणाली, "तुझ्या गावचं पाणी आलं बरं का." सात वर्षं ती 'तिकडं कधीपर्यंत राहणार' असं विचारत आली होती. त्या दिवसानंतर तिनं ते विचारलं नाही.

तीनच वर्षांनी तीच नदी शहरात आली. २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पूल १९२९ चा, संस्थानच्या काळातला, त्या वेळच्या व्हाइसरॉयच्या नावाचा. त्याच्या खांबावर फुटांच्या खुणा आहेत. चाळिसाला इशारा, पंचेचाळिसाला धोका. त्या आठवड्यात पाणी सत्तावन्नाच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, सगळं पाण्याखाली. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद, दूध नाही, आणि इतकं पाणी असून नळाला पाणी नाही. विश्रामबाग उंचावर असल्यानं लोक आमच्याकडे येऊ लागले. मामांचं घर गावभागात. त्यांचं आठ माणसांचं कुटुंब माझ्या दोन खोल्यांत आलं. वरच्या मजल्यावरची कॉलेजची पोरं खाली आली, बायकांसाठी त्यांनी आपल्या कॉट रिकाम्या केल्या आणि स्वतः गच्चीच्या जिन्यात झोपली. मेसच्या काकू तीन दिवस पिठलं-भात रांधत होत्या, पैसे कुणी विचारले नाहीत. पोरांना गाव दिसत नाही, असं मी इतकी वर्षं मानत होतो. त्या आठवड्यात ती गाळात गुडघाभर उभी राहून अनोळखी लोकांची कपाटं उचलत होती. मला पाच वर्षं लागली, त्यांना पाच दिवस पुरले. गाव समोर यावं लागतं, एवढंच.

त्यानंतरचा लांबलेला मे मात्र कुणी सोसू नये असा होता. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे हॉस्टेलं रिकामी झाली आणि वर्षभर भरलीच नाहीत. पोरं आठवड्यासाठी म्हणून गेली होती. मी आणि घरमालक एकेक खोली उघडून खराब झालेलं खाणं टाकत होतो, ओले कपडे वाळत घालत होतो. व्हिडिओ कॉलवर कुणी तरी सांगायचं, "काका, वरच्या कप्प्यातली निळी फाईल," आणि मी तिची पानं मोबाईलवर काढून पाठवायचो. काकूंच्या साठ डब्यांचे चार झाले. झेरॉक्सच्या मामांनी मशीन विकलं आणि भाजी मांडली. शंभर वर्षांचा हा रस्ता कुणाच्या जिवावर उभा आहे, ते त्या वर्षी सगळ्यांनाच दिसलं. गाव पोरांना वाढवतं तसं पोरंही गावाला वाढवतात. काकू पुन्हा उभ्या राहिल्या, पण साठ डबे आजवर झालेले नाहीत.

आता माझं स्वतःचं छोटं शॉप आहे, अकरा माणसांचं. कॉलेजची पोरं इंटर्नशिपला येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी हातोडी देतो आणि कास्टिंग ऐकायला सांगतो. 'अजून तिथंच?' हा प्रश्न मित्र आता विचारत नाहीत. मुलांना घेऊन येतात तेव्हा कॉलेजचं गेट दाखवतात, आणि मी त्यांना तिथून हरिपूरला नेतो.

गेल्या पावसाळ्यात कोयनेच्या पाणलोटात जोर होता. सकाळी जिन्यातच शेजारी भेटले आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, "आयर्विनला किती?" ते म्हणाले, "अडतीस. चढतंय." वरच्या मजल्यावरचा पहिल्या वर्षाचा पोरगा डबा घेऊन खाली उतरत होता. नांदेडचा, येऊन पंधरा दिवस झालेले. तो थांबला आणि म्हणाला, "काका, आयर्विन म्हणजे काय?"

मी जे विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं. कामाला उशीर होणार होता. मी गाडीला किक मारली आणि त्याला म्हटलं, "बस मागे. पुलावर जाऊन येऊ."