घर बांधताना : लेखांक ९
पोर्चची फरशी : आधी ढाळ, मग पकड, शेवटी रंग

मागच्या आठवड्यात जोत्याची उंची आणि पायऱ्यांची मापं पाहिली. आज त्या पायऱ्या चढून आल्यावर जिथे पाय टेकतो, त्या पोर्चच्या फरशीविषयी. घरातल्या कुठल्याही जमिनीपेक्षा जास्त हाल हिचेच होतात. वाऱ्याबरोबर आत येणारा पाऊस, दुपारचं ऊन, चिखलाच्या चपला, स्कूटरचा स्टँड, कुंड्यांतून झिरपणारं पाणी, दिवाळीत पणत्यांचं तेल, सगळं तिच्यावरच. तरीही बहुतेक घरांत हॉलच्या टाइल्स घेताना ‘पोर्चला पण यातलीच मॅचिंग काढा’ एवढ्यावर तिची निवड उरकली जाते.

आपल्याकडे चपला पोर्चमध्येच काढतात. म्हणजे पावसाळ्यात बाहेरून आलेला माणूस एका पायावर तोल सांभाळत ओल्या फरशीवर अनवाणी पाऊल ठेवतो. हातात भाजीची पिशवी असते, छत्री मिटायची असते, आणि वय सत्तरीच्या पुढचंही असू शकतं. त्या वयात घसरून खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. म्हणून पोर्चची फरशी त्या ओल्या, अनवाणी पावलासाठी निवडायची. रंग आणि चकाकी त्यानंतर.

ढाळ

फरशी कितीही चांगली असली तरी पाणी साचलं तर ती निसरडी होणारच. साचलेल्या पाण्यावर आठवड्याभरात शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. तेव्हा दुकानात जाण्याआधी ढाळ ठरवा. दारापासून बाहेरच्या बाजूला दर पाच फुटांना साधारण एक इंच उतार पुरतो. तो चालताना जाणवत नाही आणि पाणी मात्र निघून जातं. फरशी खडबडीत असेल तर थोडा जास्त द्या, कारण तिच्या खळग्यांत पाणी अडतं. पोर्चची पातळी घरातल्या जमिनीपेक्षा निदान दीड-दोन इंच खाली हवी. नाहीतर वाऱ्यापावसाच्या रात्री पाणी उंबरठा ओलांडून आत येतं.

हा ढाळ खालच्या कोब्यातच यायला हवा. फरशी बसवताना मसाला कमी-जास्त करून तो साधायला गेलं की कुठेतरी पोकळी राहते. गवंड्याने पाणसळ लावून दाखवली तरी फरशी बसण्याआधी कोब्यावर बादलीभर पाणी ओतायला सांगा. दहा मिनिटांनी पाहा. जिथे थारोळं दिसेल तिथे खडूने खूण करून घ्या. या टप्प्यावर ती चूक मूठभर मसाल्यात दुरुस्त होते, फरशी बसल्यावर मात्र तोडफोडीशिवाय होत नाही. पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे न्यायचं असेल तर दोन दिशांनी ढाळ लागतो. चार बाय दोनची मोठी टाइल तो घेऊ शकत नाही, तिथे एक फुटी तुकडेच बरे.

पकड

टाइल्सच्या पकडीला मोजमाप आहे, पण ते विचारलं तरच दुकानदार सांगतो. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात आर ९ ते आर १३ असे आकडे असतात. ही जर्मन पद्धत आहे. बूट घातलेला माणूस तेल लावलेल्या फळीवर चालतो, फळी हळूहळू तिरकी करत नेतात आणि तो कोणत्या कोनात घसरतो त्यावरून आकडा ठरतो. आर ९ म्हणजे पकड सर्वांत कमी. १० अंशांच्या पुढे टिकली तर आर १०, १९ अंशांच्या पुढे आर ११. छप्पर असलेल्या पोर्चला निदान आर १० घ्या, उघड्या पायऱ्यांना आणि उताराला आर ११.

आपण तर पोर्चमध्ये अनवाणी असतो. त्यासाठी वेगळी चाचणी आहे, साबणाच्या पाण्यावर अनवाणी चालण्याची. तिच्यात ए, बी, सी अशा श्रेणी असतात आणि सी सर्वांत सुरक्षित. पोर्चसाठी बी मागा. उलट आर १२-१३ च्या फार खरखरीत टाइल्स घरी नकोत. त्यांच्या खाचांत माती अडकते, पोछा फाटतो आणि रांगोळीची रेघ सरळ येत नाही.

हे आकडे मिळाले नाहीत तर नमुन्याची एक टाइल घरी आणा. अंगणात थोडी तिरकी ठेवा, पाणी आणि चिमूटभर साबण टाका, आणि कुणाचा तरी हात धरून त्यावर अनवाणी उभे राहा. पाय सरकला तर ती टाइल पोर्चची नव्हे.

दगड की टाइल?

महाराष्ट्राच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली फरशी म्हणजे शहाबाद. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला हा चुनखडीचा दगड. तो थराथराने सुटतो, त्यामुळे रफ शहाबादला अंगचीच पकड असते. स्वस्त आहे, आणि एखादा तुकडा फुटला तर तेवढाच बदलता येतो. राजस्थानचा कोटा हाही चुनखडीच. पोर्चला त्याचा पॉलिश प्रकार टाळा, लेदर फिनिश घ्या. या दोन्हींना आम्ल चालत नाही. पॉलिश कोट्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा, तेवढ्या जागेची चकाकी गेलेली दिसेल. संडास धुवायचं ॲसिड पोर्चमध्ये ओतणं म्हणजे दगड विरघळवणं.

ग्रॅनाइट जास्त कणखर, पण पॉलिश केलेला ग्रॅनाइट ओला झाला की धोकादायक. फ्लेम फिनिश मागा. त्यात दगडावर प्रखर ज्योत फिरवतात, वरचे स्फटिक तडकून उडतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

टाइल घ्यायची तर व्हिट्रिफाइड घ्या. ती ०.५ टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही. भिंतीच्या टाइलचं हेच प्रमाण १० टक्क्यांच्या वर असतं. त्यामुळे बाथरूमच्या भिंतीच्या उरलेल्या टाइल्स पोर्चला लावून टाकायचा मोह आवरा. त्या पाणी शोषतात, पायाखाली झिजतात, फुटतात.

लाल ऑक्साइडचा कोबा कोकणात ओटी-पडवीला आणि गोव्यात घरांच्या बाल्कांवला फार शोभतो. पण वर्षानुवर्षं पुसून तो गुळगुळीत होतो. छपराच्या आत, भिंतीलगतच्या बैठकीपाशी तो जरूर करा. पाऊस जिथवर येतो तेवढ्या पट्ट्यात मात्र रफ दगड लावा.

गावानुसार फरक

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे मुख्य शत्रू शेवाळ. जांभा सच्छिद्र असल्याने ओल धरून ठेवतो आणि सावलीत हिरवा पडतो. जांभ्याचा चिरा अंगणाला, पोर्चला घट्ट दगड किंवा टाइल. लाल मातीमुळे पांढऱ्या टाइलच्या दरजा पहिल्याच पावसाळ्यात तांबडट होतात, म्हणून तपकिरी किंवा करडा रंग निवडा.

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना भिडतो. तिथे काळा ग्रॅनाइट किंवा काळा कडप्पा दुपारी अनवाणी पायाला चटका देतो. फिकट रंग घ्या. मराठवाड्याच्या काळ्या मातीत चिखल गोळ्यांनी चपलेला चिकटून येतो. तिथे पायरीलगत पाय धुवायला नळ आणि एक रफ शहाबाद फरशी ठेवली की घर स्वच्छ राहतं.

बसवणं

व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणूनच साध्या सिमेंटच्या रबडीला ती नीट धरत नाही. तिला टाइल ॲडेसिव्ह लागतं, आणि ते दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरायला हवं. चार कोपऱ्यांत चार गोळे लावून टाइल दाबली की मधे हवा राहते. पुढे स्कूटर मेन स्टँडवर लावली की सगळा भार दोन बोटांएवढ्या जागेवर येतो आणि टाइल नेमकी तिथेच तडकते. काम झाल्यावर प्रत्येक टाइल लाकडी दांड्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर पैसे चुकते करण्याआधी ती बदलून घ्या.

टाइल्स एकमेकींना खेटून बसवू नका. उन्हात त्या प्रसरण पावतात, त्यामुळे निदान तीन मिलिमीटरची दरज हवी. भिंतीला भिडते तिथेही थोडी फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरावी. पायऱ्यांच्या कडेला गुळगुळीत गोल मोल्डिंग करण्याऐवजी दोन-तीन खाचा पाडून घ्या आणि कडेची पट्टी वेगळ्या रंगाची ठेवा. संध्याकाळच्या उजेडात म्हाताऱ्या डोळ्यांना पायरी कुठे संपते ते कळायला हवं.

तेलाचे डाग दगडात खोल मुरतात. दगडाची फरशी असेल तर ओल आतून बाहेर जाऊ देणारं सीलर दिवाळीआधी मारून घ्या, आणि पणत्या थाळीत ठेवा.

मध्यमवर्गीय घरासाठी माझी शिफारस सरळ आहे. पायऱ्यांना आणि पावसाच्या पट्ट्याला रफ शहाबाद किंवा फ्लेम ग्रॅनाइट, आतल्या भागाला करड्या रंगाची आर १० ची मॅट व्हिट्रिफाइड टाइल. बजेट आवळायचं असेल तर हॉलमधल्या टाइलचा दर थोडा कमी करा. पोर्चच्या ढाळात आणि पकडीत मात्र काटकसर नको. घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात थकलेलं पाऊल रोज तिथूनच आत येणार आहे.

(पुढच्या आठवड्यात : दाराची चौकट आणि उंबरठा, लाकूड की दगड?)