मोलेच्या जंगलाचा जमाखर्च

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेत पाऊल टाकताच आपल्याला पहिला धडा मिळतो तो असा की, प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एका खात्यावर रक्कम जमा झाली की दुसऱ्या कोणत्या तरी खात्यावर ती नावे पडलीच पाहिजे. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या नाहीत, तर कोठेतरी एखादी नोंद राहून गेली असे समजावे व पुन्हा कीर्द उघडावी. हाच साधा नियम ‘विकास’ या शब्दाला लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते आपल्या शेजारचेच, गोव्यातील मोले गावाचे.

अनमोडचा घाट उतरून गोव्यात शिरले की लागणारे पहिले मोठे गाव म्हणजे मोले. धारबांदोडा तालुक्यातील हे गाव भगवान महावीर अभयारण्याच्या दाराशीच वसलेले आहे. अभयारण्य व त्याच्या गाभ्यातील मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे हे जंगल. त्यापैकी १०७ चौरस किलोमीटर क्षेत्र १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. दूधसागरचा धबधबा याच जंगलात आहे आणि कदंबकालीन तांबडी सुर्लचे महादेव मंदिरही याच परिसरात आहे. घाटमाथ्यावर आपल्या खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य व दांडेलीकडील काळी व्याघ्र प्रकल्प यांच्याशी हे जंगल जोडलेले आहे. राज्याची सीमा आपण नकाशावर ओढली. वाघाला, गव्याला आणि पाण्याला ती ठाऊक नाही.

या जंगलातून एकाच वेळी तीन प्रकल्प नेण्याचे ठरले. पहिला, तिनईघाटहून कॅसलरॉकमार्गे कुळेकडे जाणाऱ्या लोहमार्गाचे दुपदरीकरण. दुसरा, अनमोड ते मोले या राष्ट्रीय महामार्गाचे चौपदरीकरण. आणि तिसरा, धारवाडजवळील नरेंद्रहून गोव्यातील शेल्डे येथे जाणारी ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी व तिच्यासाठी मोलेजवळ सांगोड येथे उपकेंद्र. एकट्या रेल्वेलाच शंभराहून अधिक हेक्टर वनजमीन हवी होती. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने डिसेंबर २०१९ ते एप्रिल २०२० या काळात या प्रकल्पांना अनुकूल शिफारशी दिल्या. एप्रिल २०२० ची बैठक तर देशभर टाळेबंदी असताना दूरदृश्य पद्धतीने झाली.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. एवढे मोठे काम गावच्या हद्दीतून जायचे, तर गावाला अगोदर विचारले गेले नाही काय? या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे फार आवश्यक आहे, कारण ते केवळ मोलेपुरते नाही.

पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी यांचे नियम केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत आहेत. खाणी, धरणे, मोठे कारखाने इत्यादींना ती लागू होते. परंतु तिच्या परिशिष्टात लोहमार्ग नाही, तशीच वीजवाहिनीही नाही. म्हणजे रेल्वेला जंगलातून दुसरा रूळ टाकायचा असेल, तर या अधिसूचनेखाली जनसुनावणी घेण्याचे बंधन नाही. दुसरी वाट २००६ च्या वनहक्क कायद्याची. वनजमीन अन्य कामासाठी वळविण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २००९ मध्ये परिपत्रकाने सांगितले होते. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच मंत्रालयाने रस्ते, कालवे, नळमार्ग, वीजवाहिन्या अशा रेषेसारख्या लांब जाणाऱ्या प्रकल्पांना बहुतांशी या अटीतून वगळले. रेषा अरुंद असते, तेव्हा तिने नुकसान ते किती होणार, असा विचार त्यामागे असावा. वास्तविक जंगलाच्या दृष्टीने रेषाच अधिक घातक ठरू शकते. कापडाचा कोपरा फाटला तर कापड उरते; मधोमध उभा चिरला तर त्याचे दोन तुकडे होतात. मग अशा तीन रेषा शेजारीशेजारी ओढल्या, तर काय उरेल याचा विचार व्हायला नको काय? पण प्रत्येक प्रकल्पाची फाईल वेगळी, त्यामुळे प्रत्येकाचे नुकसानही वेगळेच मोजले गेले. तिन्हींची बेरीज करण्याचे काम कोणत्याच टेबलावर नव्हते.

आता पैशाची बाजू पाहू. जंगल तोडताना सरकार काहीच किंमत घेत नाही, असे मात्र नाही. प्रकल्पाच्या यंत्रणेला जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशानुसार हा दर जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये असा ठरला. अभयारण्यासाठी त्याच्या पाचपट व राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. सर्वांत वरचा दर धरला तरी राष्ट्रीय उद्यानातील एका हेक्टरची किंमत १ कोटी ४ लाख ३० हजार रुपये होते. २०२२ मध्ये हे दर वाढविण्यात आले. रक्कम लहान नाही. पण ती एकदाच भरायची असते, आणि जंगलाचे उत्पन्न मात्र वर्षानुवर्षे चालणारे असते. दूधसागरचे पाणी खांडेपार नदीला मिळते. त्या नदीवरील ओपा येथील जलप्रकल्पातून फोंडा व तिसवाडी तालुक्यांना, म्हणजे राजधानी पणजीलाही, पिण्याचे पाणी जाते. डोंगरावरची झाडे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यापर्यंत थोडेथोडे सोडतात. मुदत ठेव मोडून एकरकमी पैसे घेतले, तर पुढच्या वर्षी व्याज कोठून येणार? शिवाय ती रक्कम सरकारी निधीत जमा होते आणि आटलेली विहीर मात्र गावच्या नावे पडते. जमा एकाची व नावे दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

२०२० साली गोव्यात जे आंदोलन उभे राहिले, त्याचे मर्म येथे आहे. ‘आमचें मोल्लें’ या नावाने चाललेल्या या चळवळीत विद्यार्थी, शास्त्रज्ञ, चित्रकार, वकील, शेतकरी असे नाना प्रकारचे लोक होते. टाळेबंदीमुळे सभा भरविता येत नव्हत्या, म्हणून त्यांनी पत्रे लिहिली, चित्रे काढली, सरकारी अहवाल मिळवून ते ओळीओळीने वाचले. रुळांच्या कडेला राहणाऱ्या सासष्टी तालुक्यातील लोकांचा रोष कोळशावर होता. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा याच लोहमार्गाने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो, आणि दुसरा रूळ म्हणजे आणखी कोळसा असे त्यांचे म्हणणे होते. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदोर येथे हजारो माणसे लोहमार्गावर जमली व पहाटेपर्यंत तेथे होती. जंगलाजवळचे लोक व जंगलापासून दूर असलेले लोक, दोघांनाही एकच रूळ जोडतो, हे त्या रात्री स्पष्ट झाले.

पण केवळ घोषणांनी निर्णय फिरत नाहीत. गोवा फाउंडेशन या संस्थेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीपुढे नेले. समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला, आणि तो वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. कारण समितीने केवळ झाडे मोजली नाहीत; प्रकल्पाची गरज तपासली. कॅसलरॉक ते कुळे हा घाट १ : ३७ इतका चढा आहे, म्हणजे दर ३७ मीटरला गाडी एक मीटर चढते. मालगाडीला मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावावी लागतात. शेजारी दुसरा रूळ टाकल्याने हा चढ कमी होणार नाही. मग जाळ्यातील इतक्या अवघड टप्प्यावर एवढे नुकसान सोसून कोणता लाभ पदरात पडणार? समितीला पुरेसे समर्थन आढळले नाही आणि तिने रेल्वेची मंजुरी रद्द करण्याची शिफारस केली. वीजवाहिनीबाबत मात्र तिने वीज नको असे म्हटले नाही. नव्याने जंगल कापण्याऐवजी अस्तित्वात असलेल्या वाहिनीच्या पट्ट्यातूनच ती न्यावी, असे सुचविले.

९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. मात्र हे दार कायमचे बंद झाले, असे समजण्याचे कारण नाही. जैवविविधतेवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव आणण्याची मुभा रेल्वेला त्याच निकालाने ठेवली. थोडक्यात, न्यायालयाने ‘विकास नको’ असे म्हटले नाही. ‘हिशेब पूर्ण करून या’ असे म्हटले.

या संदर्भात एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गांभीर्याने घ्यावयास हवा. जंगलाची काळजी शहरातील सुखवस्तू लोकांना वाटते. जंगलातल्या माणसाला मात्र रस्ता, वीज, दवाखाना हवा असतो, असा हा आक्षेप. त्यात तथ्य आहे. आपल्याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातील वाड्यांचा विचार करा. पावसाळ्यात ओढे भरले की वाट तुटते, आणि आजारी माणसाला खांद्यावरून न्यावे लागते. तेथे ओढ्यावरचा एक साधा साकव मागितला, तर वनखात्याचे नियम आडवे येतात. ज्या जंगलात गावकऱ्याला साकव मिळणे कठीण, त्याच प्रकारच्या जंगलातून चौपदरी रस्त्याची फाईल मात्र वेगाने सरकते, ही विसंगती डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही. तेव्हा प्रश्न विकास हवा की नको असा नसून, कोणाचा विकास, कोणाच्या सांगण्यावरून व कोणाच्या खर्चाने, असा आहे.

यावरून योग्य व अयोग्य विकास ओळखण्याच्या तीन कसोट्या सांगता येतील. पहिली, ज्यांच्या गावातून काम जाते त्यांच्या गरजेचा त्यात काही अंश आहे काय? साकवात तो पूर्ण आहे. कोळशाच्या रुळात जवळजवळ नाही. दुसरी, तेच काम कमी नुकसान करणाऱ्या दुसऱ्या मार्गाने होऊ शकते काय? वीजवाहिनीबाबत ते शक्य असल्याचे समितीनेच दाखविले. तिसरी, नुकसान भरून येण्याजोगे आहे काय? रस्ता आज झाला नाही तर पाच वर्षांनी करता येतो. घाटातले जुने जंगल गेले तर ते पाच वर्षांत लावता येत नाही. भरपाई म्हणून दुसरीकडे लावलेली रोपे कागदावर तेवढीच हेक्टर भरतात, पण त्यांच्याखाली झरा वाहत नाही.

डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये हेच सांगितले होते, की संवेदनशील भागातील निर्णय ग्रामसभांच्या विचाराने व्हावेत. त्यानंतर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला, संवेदनशील क्षेत्राचे मसुदे पुन्हा पुन्हा निघाले. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात सहा राज्यांतील ५६ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र होते. गावांची नावे यादीत घालणे सोपे असते. त्या गावांना बोलू देणे अवघड असते, आणि बोलू न दिल्यामुळेच पुष्कळ गावांना ही यादी संरक्षणाची न वाटता जप्तीची वाटते.

आपल्यापैकी अनेकजण खेड्यांतून येथे शिकायला येतात. वयाची अठरा वर्षे पूर्ण करून मतदारयादीत नाव आलेला प्रत्येकजण आपल्या ग्रामसभेचा सभासद असतो. कर्नाटकात ही सभा सहा महिन्यांतून किमान एकदा भरलीच पाहिजे, असा कायदा आहे. बहुतेक ठिकाणी ती भरते तेव्हा विद्यार्थी शहरात असतात व वडीलधारी मंडळी हजेरीच्या वहीत सही करून परततात. मोलेच्या लढ्यात उपयोगी पडले ते कागद वाचता येणे, आकडे तपासता येणे आणि प्रश्न लेखी विचारता येणे. ही विद्या आपण रोज वर्गात शिकतो. मराठी व कानडी दोन्ही भाषांतील सरकारी नोटीस वाचून आईवडिलांना समजावून सांगणारी आपली पहिलीच पिढी असेल. पुढची ग्रामसभा केव्हा आहे, एवढे जरी या सुट्टीत गावी गेल्यावर विचारले, तरी राहून गेलेली एखादी नोंद कीर्दीत येऊ शकेल.