क्राउन हॉल खेळात उतरवताना

'सिटीज: स्कायलाइन्स' हा शहर वसवण्याचा खेळ फिनलंडच्या कोलॉसल ऑर्डरने २०१५मध्ये आणला. सोबत ॲसेट एडिटरही दिला, म्हणून खेळाडूंना स्वतः घडवलेल्या शाळा, ग्रंथालयं, कचेऱ्या त्यात घालता येतात. १९५०-६०च्या दशकांतल्या संस्थांच्या इमारती यासाठी फार सोयीच्या: सपाट छत, सरळ रेषा, ठरावीक अंतरावर तेच ते खांब. खिडक्यांचा एक पट्टा मन लावून रंगवला की तोच भिंतभर वापरता येतो.

शिकागोचा क्राउन हॉल घ्या. मीस व्हॅन डेर रोह यांनी इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसाठी उभारलेली ही वास्तू १९५६ची. लांबी साधारण ६७ मीटर, रुंदी ३७. खेळातला एक चौकोन ८ मीटरचा, म्हणजे ९ बाय ५ चौकोन लागतात. छत चार पोलादी तुळयांना खालून टांगलेलं आहे, त्यामुळे दालनात मध्ये खांबच नाहीत. या तुळया ठसठशीत दिसायलाच हव्यात, कारण खेळाडू शहर बहुतेक वेळ वरूनच बघतो.

खरी कसोटी काचेची. इमारतींच्या नेहमीच्या शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अर्धपारदर्शक काच मिळत नाही. खालची दुधी आणि वरची स्वच्छ तावदानं यांतला फरक रंग आणि चकाकीवरच तोलावा लागतो. रात्री कुठली तावदानं उजळायची, ते एका वेगळ्या करड्या चित्रात ठरतं. लांबून दिसणारं हलकं मॉडेल मात्र स्वतःच बनवावं. आपोआप तयार होणाऱ्या मॉडेलमध्ये इतक्या बारीक पोलादी चौकटींचा पार विचका होतो.