आगीला न घाबरणारी, साखरेला घाबरणारी काच

काचेची शेगडी पाहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: फुटणार नाही ना? उत्तर ऐकून गिऱ्हाईक चकित होतं. जेमतेम 4 मिलिमीटर जाडीची ही काळी, चकचकीत काच तापमानातला सुमारे 700 अंशांचा फरक एका झटक्यात सोसू शकते. लाल तापलेल्या जागेवर गार पाणी सांडलं तरी ती सहसा तडकत नाही. मात्र त्याच काचेवर चमचाभर तिळगुळाचा पाक सांडला आणि तिथेच गार होऊ दिला, तर तिचे टवके निघू शकतात. तिला कशाची भीती आहे आणि कशाची नाही, एवढं कळलं की वापरणं आणि पुसणं दोन्ही सोपं. रायपूरकरांना तर तिचे निम्मे शत्रू आणि मित्र घराच्या आसपासच भेटतात.

भट्टी बिघडली, शोध लागला

साल 1953. अमेरिकेतल्या कॉर्निंग या काच कंपनीत डॉन स्टूकी हे रसायनशास्त्रज्ञ काचेचा एक तुकडा 600 अंशांवर तापवत होते. भट्टीचं नियंत्रण बिघडलं आणि पारा 900 वर गेला. आत वितळलेल्या काचेचं थारोळं मिळणार, अशी त्यांची खात्री होती. मिळाली पांढरीशुभ्र, आकार न बदललेली पट्टी. ती चिमट्यातून निसटून फरशीवर आदळली, धातूसारखी खणखणली आणि शाबूत राहिली. काचेच्या पोटात असंख्य बारीक स्फटिक तयार झाले होते, आणि जगाला काच-सिरॅमिक मिळालं. 1958 मध्ये त्याची भांडी अमेरिकी बाजारात आली. त्याच घराण्यातला एक प्रकार क्षेपणास्त्रांच्या नाकाडावरही बसला. शेगडीवरची काळी काच मात्र जर्मनीतल्या शॉट कंपनीने 1971 मध्ये लोकांपुढे मांडली आणि पुढे घरोघरी पोचवली.

न फुगणारी काच

साध्या काचेची मीटरभर पट्टी 100 अंशांनी तापवली तर जवळजवळ 0.9 मिलिमीटर लांबते. ऐकायला हे नगण्य वाटतं, पण एक भाग तापलेला आणि शेजारचा गार असला की हाच फरक काच फोडतो. गरम चहा ओतल्यावर काचेचा पेला तडकतो, तो याचमुळे. शेगडीच्या काचेत वेगळा हिशेब चालतो. तिच्यातले स्फटिक तापल्यावर आक्रसतात, त्यांच्यामधली काच तापल्यावर फुगते, आणि बेरीज जवळजवळ शून्यावर येते. स्फटिक इतके सूक्ष्म असतात की प्रकाशाला त्यांचा अडथळाही होत नाही.

हाच गुण खगोलशास्त्रज्ञांच्या कामी आला. उत्तराखंडात देवस्थळला 3.6 मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिचा मुख्य आरसा झेरोडूर नावाच्या काच-सिरॅमिकचा आहे. रात्र थंड पडली तरी त्याचा आकार बदलत नाही. तुमच्या ओट्यावरची काच या आरशाची सख्खी नातलग आहे.

दोन्हींच्या घडणीत लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची ऑक्साइडं असतात. यातलं लिथियम भारतात दुर्मीळ. देशात लिथियमचा जो खाणपट्टा पहिल्यांदा लिलावात यशस्वीपणे गेला, तो 2024 मध्ये, कोरबा जिल्ह्यातल्या कटघोऱ्याचा. रायपूरहून काही तासांच्या अंतरावर!

खरा वैरी: पाक

आता या फीचरमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काचेच्या शेगडीचा सर्वसाधारण नियम आहे, आधी गार होऊ द्या, मग पुसा. साखर आणि गूळ या नियमाला अपवाद आहेत, आणि हा अपवाद पाठच करावा.

वितळलेली साखर काचेला घट्ट चिकटते. गार होताना ती आक्रसते. काच मात्र आक्रसतच नाही, तिचा गुणच तो! मग साखर आपल्याबरोबर काचेचा वरचा पापुद्रा ओढून घेते आणि शिंपल्याच्या आकाराचे बारीक खड्डे पडतात. जो गुण काचेला आगीपासून वाचवतो, तोच तिला साखरेपुढे उघडं पाडतो. पडलेले खड्डे कुठल्याही पावडरीने भरत नाहीत.

चौबे कॉलनीत 1935पासूनचं महाराष्ट्र मंडळ असलेल्या रायपुरात मराठी घरं पुष्कळ आहेत. संक्रांतीला तिळगूळ, होळीला पुरण, उन्हाळ्यात गुळांबा, सणाला साखरभात. शेजारच्या छत्तीसगडी घरात गुळाच्या पाकातला अइरसा आणि गोड खुरमी. एकूण काय, पाक सांडण्याचे प्रसंग दोन्हीकडे येणारच. तेव्हा करायचं ते असं: बटण बंद, भांडं उचलून बाजूला, हातात जाड मोजा, आणि लांब दांड्याच्या पातीच्या खरवडणीने पाक गरम असतानाच थंड भागाकडे ओढून घ्यायचा. पाती तिरपी धरायची, उभी टोचायची नाही. ओलं फडकं लगेच टाकू नका, वाफेने हात भाजतो. उरलेला पातळ थर काच गार झाल्यावर निघतो.

प्लॅस्टिकची पिशवी किंवा ॲल्युमिनियमची फॉइल चुकून तापलेल्या काचेवर चिकटली, तरी हीच तातडी. बासुंदी उतू गेली तर तीही साखरच समजा.

पाक करण्याआधी काचेवर सिरॅमिक क्लीनरचा पातळ थर चोळून ठेवला तर साखरेची पकड सैल राहते. क्लीनरच्या बाटलीवर सिलिकोनचा उल्लेख असेल तर तो थर देणारा प्रकार. सणाच्या आदल्या रात्री पाच मिनिटं यासाठी द्यावीत, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

लाल होते, काळी होते, पुन्हा लाल होते

बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या दोन वेगळ्या शेगड्या मिळतात. इन्फ्रारेड कुकटॉपमध्ये काचेखाली तारेचं वेटोळं तापून लाल होतं आणि त्याची उष्णता काचेतून आरपार वर येते. त्यावर तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, स्टील काहीही चालतं. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. ते बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि भांड्याचा तळच तापतो. काच तापते ती भांड्याच्या उष्णतेने. म्हणून इंडक्शनवर उतू गेलेलं दूध कमी करपतं आणि लवकर निघतं. भांडं चालेल का, हे पाहायला चुंबक पुरे: तळाला चिकटला तर चालेल.

इन्फ्रारेडवाल्यांची नेहमीची तक्रार असते की शेगडी मध्येच बंद पडते. ती बंद पडत नाही. काच मर्यादेबाहेर तापू नये म्हणून आतला नियंत्रक वीज तोडतो आणि पुन्हा जोडतो. पूर्ण आचेवरही हे चालू राहतं. मिस्त्रीला बोलावण्याचं कारण नाही.

आणखी एक निरीक्षण करून पाहा. वेटोळ्यावरची जागा भाजेल इतकी तापलेली असते, तेव्हाही थोडं बाजूला काच कोमट असते. ही काच उष्णता वर जाऊ देते, आडवी फारशी पसरू देत नाही. पण बटण बंद केल्यावर लाली जाते आणि काच काळी, थंड दिसते, तेव्हाच खरा धोका. बऱ्याच शेगड्यांवर त्या वेळी इंग्रजी एच अक्षर पेटलेलं राहतं. ते विझेपर्यंत लहान मुलांना लांब ठेवा.

डागावरून पत्ता

पांढरट कडी दिसली तर दोष पाण्याचा. रायपूरच्या जमिनीखाली चुनखडक आहे, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचलेला. त्याच्याच जोरावर तिल्दा, बैकुंठ, बलौदाबाजार या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. बोअरचं पाणी त्या खडकातला चुना घेऊन वर येतं, भांड्याच्या ओल्या तळातून काचेवर उतरतं, पाणी उडून जातं आणि चुना तिथेच राहतो. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पाच-दहा मिनिटं थांबा. आम्लात चुना विरघळतो. आणि शेगडीवर ठेवण्याआधी भांड्याचा तळ कोरडा पुसा, म्हणजे कडी पडणारच नाही.

करड्या, चमकदार रेषा दिसल्या तर त्या ॲल्युमिनियमच्या. लोक त्यांना ओरखडे समजून हळहळतात. ते ओरखडे नसतात, मऊ धातू काचेवर घासला गेलेला असतो, पाटीवर पेन्सिल उमटावी तसा. कोरब्यात 1965 पासूनची बाल्को कंपनी ॲल्युमिनियम बनवते, आणि इथल्या घरांत ॲल्युमिनियमची पातेली, कढया भरपूर. ती सरकवू नका, उचलून ठेवा. रेषा उमटल्याच तर पुन्हा तापवण्याआधी सिरॅमिक क्लीनरने घासा. तापल्यावर त्या पक्क्या होतात.

करपलेला तपकिरी डाग असेल तर खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून वर ओलं, कोमट फडकं पंधरा मिनिटं ठेवा. सोडा काचेपेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफसवण्याची युक्ती मात्र सोडून द्या. दोघं एकमेकांचा जोर संपवतात. पांढऱ्या डागाला व्हिनेगर, करपलेल्याला सोडा, वेगवेगळ्या वेळी.

राखेला इथे मनाई

छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. भाताच्या तुसाच्या राखेत जवळजवळ 90 टक्के सिलिका असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य. पितळेचं पातेलं राखेने उजळतं, ते याच खरखरीमुळे. काचेवर हीच राख ओरखडे काढते. तारेची घासणी आणि भांड्यांची खरखरीत पावडरही नकोच. वाळूचा कण काचेहून कठीण असतो, त्यामुळे धान्य निवडल्यावर ओट्यावर राहिलेली कचकच भांड्याखाली अडकली आणि भांडं सरकलं, तर रेघ पडते. रोजच्यासाठी भांडी धुण्याच्या साबणाचा थेंब, मऊ फडकं आणि शेवटी कोरडा हात. बास.

फुलका, चिला आणि अंगाकर

तांदळाच्या पिठाचा चिला आणि आपलं थालीपीठ या शेगडीवर छान होतं, पण तव्याचा तळ सपाट हवा. खोलगट तव्याचा काचेशी संबंध मधल्या टिकलीपुरता येतो आणि कडा कच्च्या राहतात. बिडाचा तवा चालतो. त्याचा तळ हाताने चाचपून पाहा, खडबडीत असेल तर घासून गुळगुळीत करून घ्या. फुलका ज्वाळेवर फुगवता येत नाही. तव्यावरच कापडाच्या बोळ्याने कडा दाबत गेलं की तो टम्म फुगतो. पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर भाजलेली अंगाकर रोटी मात्र निखाऱ्यांचीच. तिची चव काचेवर येत नाही आणि तिथे तडजोड करूही नये.

प्लग मोठाच हवा

2000 वॅटची शेगडी 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपियर वीज ओढते. साधा प्लग 6 अँपियरचा असतो, म्हणून 16 अँपियरचा मोठा पॉवर प्लगच वापरा. मिक्सरच्या एक्स्टेन्शनवर ही शेगडी लावू नका, वायर तापते. सतत पूर्ण आचेवर चालली तर अर्ध्या तासाला एक युनिट जळतं. ती वीज बहुधा कोरब्याच्या कोळशाचीच असते. तिथलं एनटीपीसीचं केंद्र एकटंच 2600 मेगावॅटचं आहे.

घरगुती गॅस शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकानुसार किमान 68 टक्के लागते. उरलेली उष्णता स्वयंपाकघरात पसरते. इंडक्शनवर भांड्याचा तळच तापतो, त्यामुळे ती कमी पसरते. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना इंडक्शनवर स्वयंपाक करणाऱ्या बाईमाणसाला हा फरक अंगावर जाणवतो, आणि माझ्या मते रायपूरमध्ये ही शेगडी घेण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

चीर दिसली तर

उष्णतेला न जुमानणारी ही काच टोकदार माराने फुटते. वरच्या फळीवरून मिठाची बरणी कोपऱ्यावर पडली की पुरे. केसाएवढी चीर दिसली तरी आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा, आणि तोवर काचेला ओलं फडकं लावू नका. चिरेतून पाणी खालच्या विजेच्या भागात उतरतं. टेप किंवा डिंकाने ती सांधत नाही, काच बदलूनच घ्यावी लागते. बरण्यांची फळी शेगडीच्या डोक्यावर असेल, तर ती आजच बाजूच्या भिंतीवर हलवा.